नाताळचं झाड निवडताना: कोपरा, कुंडी आणि उरलेले अकरा महिने

डिसेंबर लागला की क्रॉफर्ड मार्केटात, वांद्र्याच्या हिल रोडवर, पुण्याच्या कॅम्पात आणि मडगाव-म्हापशाच्या बाजारात ख्रिसमस ट्रीच्या रांगा लागतात. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न उंचीचा असतो: पाच फुटी केवढ्याला, सहा फुटी केवढ्याला? खरं तर तो शेवटी यायला हवा. झाड सजून उभं राहतं ते फार तर तीन-चार आठवडे. उरलेले अकरा महिने ते कुठे असणार हे आधी ठरवलं, तर निवड सहसा चुकत नाही. जिवंत झाडाला तेव्हा ऊन लागतं, प्लॅस्टिकच्या झाडाला कोरडा माळा लागतो. सुरूच्या फांदीला काहीच लागत नाही, कारण ती तोवर टिकतच नाही.

आपल्याकडे खरे पर्याय हे तीनच: कुंडीतलं जिवंत झाड, सुरूची तोडलेली फांदी आणि कृत्रिम झाड. युरोप-अमेरिकेतल्या फर-स्प्रूस या सूचिपर्णी झाडांबद्दल शेवटी लिहिलं आहे, तिकडे राहणाऱ्यांसाठी.

आधी कोपरा मोजा

बाजारात जाण्याआधी मोजपट्टी, खडू आणि सुतळी घ्या. झाडाची सगळ्यात रुंद जागा तळाशी असते, म्हणून मोजायचं ते जमिनीवर. भरगच्च कृत्रिम झाडाचा तळाचा व्यास उंचीच्या साधारण ५५ ते ६० टक्के भरतो, म्हणजे सहा फुटी झाडाला साडेतीन फुटांचं वर्तुळ लागतं. ‘स्लिम’ प्रकारात तोच आकडा ३५ ते ४० टक्क्यांवर येतो, सहा फुटीला सव्वादोन-अडीच फूट.

साडेतीन फुटांच्या वर्तुळासाठी सुतळीचा पावणेदोन फुटांचा तुकडा घ्या. दोन्ही भिंतींपासून दोन-दोन फुटांवर मध्यबिंदू धरा आणि खडूने वर्तुळ काढा. मग ते एक दिवस तसंच ठेवून घरात वावरा. बाल्कनीचं दार पूर्ण उघडतं का, कपाटाचा पल्ला अडतो का, सोफ्यावरून उठताना पाय वर्तुळात जातो का, हे त्या एका दिवसात कळतं. जाण्या-येण्याची वाट किमान दोन फूट मोकळी राहिली पाहिजे. ती राहत नसेल, तर झाड बारीक घ्या. नुसतं बुटकं घेऊन भागत नाही.

आता उंची. छतापर्यंतच्या मापातून एक फूट वजा करा. त्यात वरचा तारा आणि थोडी मोकळी जागा आली. कुंडी किंवा टीपॉय असेल तर त्याचीही उंची वजा करा. फॉल्स सीलिंग असेल तर माप त्याच्यापासून घ्यायचं. पंखा विसरू नका. नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट पसरतं. दहा फूट रुंद खोलीत पंखा मधोमध असेल, तर पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर येतं. कोपऱ्यातलं झाड सहसा वाचतं. भिंतीच्या मधोमध लावलेल्या उंच झाडाचा तारा मात्र पात्याखाली येऊ शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच फुटी झाड सात फुटीपेक्षा जास्त शोभतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठं झाड लहान खोलीत आणलं की खोली आणखी लहान दिसते.

आणखी एक माप बहुतेक घरांत राहून जातं: गोठ्याचं. वसईपासून गोव्यापर्यंत अनेक घरांत नाताळची मुख्य मांडणी म्हणजे गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, झाड त्याच्या सोबतीला. गोठा झाडाखालीच मांडायचा असेल, तर सगळ्यात खालची फांदी जमिनीपासून किमान दीड फूट वर हवी. कृत्रिम झाडात खालच्या फांद्या बहुधा फूटभरावरच सुरू होतात. तेव्हा झाड एका मजबूत चौरंगावर चढवा किंवा गोठा शेजारी घ्या आणि दोन्हींची जागा एकदमच खडूने आखा. गोठ्यातल्या शेतासाठी नाचणी किंवा गहू पेरत असाल, तर तो ट्रेही याच मापात धरा. गोठ्यात मेणबत्ती लावायची असेल, तर गोठा झाडाखाली ठेवूच नका.

उजेड कुठून येतो

जिवंत झाड हवं असेल, तर उंचीआधी उजेड तपासा. भर दुपारी, दिवे बंद करून, झाडाच्या ठरलेल्या जागी उभं राहून वर्तमानपत्र वाचा. अक्षरं सहज वाचता आली, तर तिथे झाड दोन-अडीच आठवडे आनंदाने राहील. डोळे ताणावे लागले, तर ते आतमध्ये तीन-चार दिवसांपुरतंच आणावं लागेल. आणि वर्षभरासाठी रोज काही तास कोवळं ऊन मिळणारी बाल्कनी, गच्ची किंवा अंगण नसेल, तर जिवंत झाड घेऊ नका. दरवर्षी जानेवारीत सोसायट्यांच्या जिन्यांत वाळत पडलेल्या कुंड्या दिसतात, त्यांतल्या बहुतेक अशाच घरांतल्या असतात.

नर्सरीतलं ‘ख्रिसमस ट्री’

आपल्या नर्सऱ्यांत या नावाने मिळतं ते अरोकेरिया. मूळचं प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं. त्याला नॉरफोक पाईन म्हणतात, पण ते पाईनच्या कुळातलं नाही. मूळ ठिकाणी ते पन्नास मीटरच्या पुढे जातं, कुंडीत मात्र वर्षाला अर्धा-पाऊण फूट वाढतं. उष्ण, दमट हवा त्याला मानवते, म्हणून कोकण-गोव्यात ते छान होतं. पुण्या-नाशकाकडे उन्हाळ्यातली कोरडी हवा त्याला थोडी जड जाते, इतकंच.

याच नावाखाली त्याचा जवळचा भाऊ, कुक पाईन, सर्रास विकला जातो. लहानपणी दोघांत फरक करणं अवघड, आणि कुंडीत ठेवायचं असेल तर फरकाने फारसं बिघडतही नाही. जमिनीत लावल्यावर मात्र बिघडतं. कुक पाईन विषुववृत्ताकडे झुकत वाढतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे आपल्याकडे तो दक्षिणेकडे कलतो. तेव्हा बंगल्याच्या आवारातलं उंच ‘ख्रिसमस ट्री’ वाकडं वाढतंय म्हणून माळ्याला बोलण्यात अर्थ नाही.

रोप निवडताना पहिली नजर शेंड्यावर. अरोकेरियाला एकच मुख्य शेंडा असतो आणि पुढची सगळी सरळ वाढ त्याच्यातूनच होते. तो मोडलेला, काळा पडलेला किंवा छाटलेला असेल, तर झाड किती का हिरवंगार असेना, सोडून द्या. शेंडा गेलेलं झाड पुन्हा तसं डौलदार होत नाही. याच कारणाने बाजूच्या फांदीपासून केलेलं रोपही घेऊ नये. अशी फांदी मुळं धरते, पण आयुष्यभर आडवीच वाढते. बियांपासून किंवा शेंड्याच्या कलमापासून केलेलं रोप खोडातून सरळ वर जातं आणि फांद्या चारही बाजूंना फुटतात. वाकून, वरून पाहिलं की लगेच कळतं.

मग थर मोजा. या झाडाच्या फांद्या एकाच उंचीवरून चक्रासारख्या फुटतात. तीन फुटी रोपाला असे पाच-सहा थर हवेत आणि दोन थरांमधलं अंतर चार ते सहा इंच. आठ-दहा इंचांचं अंतर दिसलं, तर झाड अंधारात वाढलंय. खालचे थर नीट तपासा, कारण खालची गळलेली फांदी पुन्हा फुटत नाही. वर दाट आणि खाली नुसता दांडा असलेलं रोप पुढच्या नाताळातही तसंच असेल.

हाताने फांदी हलकेच खालून वर चोळा. सुया लवचीक असाव्यात, टोकं तपकिरी नसावीत. खोडाजवळ, थर फुटतात तिथल्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके असतील, तर पिठ्या ढेकूण आहे. कुंडीखाली वाकून पाहा: भोकातून एक-दोन मुळं बाहेर आली असतील तर चालेल, जाडजूड जाळं आलं असेल तर झाड कुंडीला केव्हाच मोठं झालंय. खोड धरून किंचित हलवा. माती हलली नाही आणि खोड एकटंच हललं, तर ते नुकतंच जमिनीतून उपटून कुंडीत बसवलेलं आहे. डिसेंबरच्या घाईत असं होतं, आणि अशी झाडं फेब्रुवारीपर्यंत माना टाकतात.

चमकी किंवा हिरवा-रुपेरी रंग फवारलेली झाडं घेऊ नका. रंगाने पानांना उजेड पोचत नाही आणि खालचा पिवळेपणाही झाकला जातो. बहुधा त्यासाठीच तो मारलेला असतो.

माप विचाराल, तर पहिल्यांदा घेणाऱ्याने अडीच ते तीन फुटी रोप, दहा-बारा इंची कुंडीत घ्यावं. टीपॉयवर ठेवलं की ते साडेचार फुटांचं दिसतं आणि एका माणसाला उचलता येतं. पाच फुटी झाडाची ओली कुंडी दोघांशिवाय हलत नाही. जमलं तर खरेदी नोव्हेंबरातच करा. तेव्हा निवडायला वाव असतो, आणि झाडाला तुमच्या बाल्कनीची सवय होते. पुण्यात सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या पट्ट्यात एकाच दिवसात दहा नर्सऱ्या पाहता येतात.

घरी आणल्यावर

नर्सरीतलं झाड शेडनेटखाली वाढलेलं असतं. त्याला एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर सुया पिवळ्या पडतात, एकदम अंधाऱ्या हॉलमध्ये ठेवलं तर खालच्या फांद्या लोंबतात. आधी आठ-दहा दिवस सकाळचं ऊन येणाऱ्या बाल्कनीत ठेवा, मग दोन-तीन दिवस खिडकीच्या आत, आणि साधारण १८-२० डिसेंबरला ठरलेल्या कोपऱ्यात. घाईने आल्या आल्या कुंडी बदलू नका आणि खतही घालू नका. ती कामं जूनची, पहिल्या पावसानंतरची. तेव्हा चार भाग पोयट्याची माती, तीन भाग कोकोपीट, दोन भाग गांडूळखत आणि एक भाग वाळू असं मिश्रण करून जेमतेम दोन इंच मोठी कुंडी द्या, दर दोन-तीन वर्षांनी.

पाण्याचा नियम बोटाचा. बोट मातीत इंचभर खुपसा. कोरडं निघालं तर तळातून निथळेपर्यंत पाणी घाला, ओलं निघालं तर हात लावू नका. थंडीत हे बहुधा तीन-चार दिवसांनी येतं. शोभेसाठी कुंडी पितळी भांड्यात किंवा झाकपाक कागदात ठेवली की निथळलेलं पाणी तिथेच साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून पाणी घालून अर्ध्या तासाने ते ओतून टाका. गंमत अशी की कमी पाण्यानेही सुया तपकिरी होतात आणि जास्त पाण्यानेही. कमी पाण्यात टोकं कुरकुरीत वाळतात, तर जास्त पाण्यात खालच्या फांद्या पिवळ्या पडून मऊ होतात आणि मातीला आंबूस वास येतो. एसीचा झोत थेट अंगावर येत असेल, तर टोकं वाळणारच, कितीही पाणी घाला.

सजावटीत हात आखडता घ्या. अरोकेरियाच्या फांद्या दिसतात त्यापेक्षा अशक्त असतात. मोठे काचेचे गोळे टोकाला टांगले तर फांदी वाकते आणि पुष्कळदा वाकलेलीच राहते. दीड-दोन इंची प्लॅस्टिकचे गोळे, कागदी तारे, फेल्टच्या घंटा, एवढंच, आणि तेही फांदीच्या खोडाकडच्या अर्ध्या भागात. दिव्यांची माळ खोडाभोवती गुंडाळा आणि फांद्यांवरून सैल सोडा. वरचा तारा शेंड्याला कधीच बांधू नका. कुंडीत एक बारीक बांबू खोवा आणि तारा त्याला लावा. बर्फ म्हणून कापूस पसरायची आपल्याकडे मोठी हौस. जिवंत झाडावर तो ओला होऊन सुयांना चिकटतो. मांजर किंवा कुत्रा असेल, तर त्यांना हे झाड चघळू देऊ नका, उलट्या होऊ शकतात.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की सगळं उतरवा आणि झाड आलं तसंच टप्प्याटप्प्याने बाहेर न्या. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर झाड उजेडाच्या बाजूला झुकतं. छाटणी करायची नाही. छताला टेकेल इतकं वाढल्यावर जमिनीत लावायचा मोह होईल, तेव्हा इमारतीपासून पंधरा-वीस फूट आणि विजेच्या तारांपासून चांगलं लांब लावा. शहरात एकदा जमिनीत लावलेलं झाड पुढे तोडायचं म्हटलं, तर १९७५च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मोरपंखी आणि गोल्डन सायप्रसही याच दिवसांत झाड म्हणून विकले जातात. दोन्ही दाट, शंकूच्या आकाराचे, हलक्या माळा छान पेलणारे. पण ही खरी उन्हातली झाडं आहेत. घरात चार दिवसांच्या वर राहिली की आतून वाळायला लागतात आणि ते बाहेरून उशिरा कळतं. उंबऱ्याबाहेर किंवा गच्चीवर सजवायला मात्र यांच्यासारखी दुसरी झाडं नाहीत.

सुरूची फांदी

किनारपट्टीवरचा हा जुना रिवाज. झाड म्हणजे सुरूची पाच-सहा फुटांची फांदी, तेलाच्या डब्यात उभी केलेली. स्वस्त, हलकी, आणि तिचा विस्कटलेला आकारच अनेकांना आवडतो. फक्त ती किनाऱ्यावरच्या बनातून स्वतः तोडून आणू नका. ती बनं वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावलेली असतात आणि परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. गोव्यातही त्यासाठी १९८४चा वृक्षसंवर्धन कायदा आहे. बाजारातून किंवा स्वतःच्या वाडीत सुरू असलेल्या माणसाकडूनच घ्या.

फांदी २२-२३ डिसेंबरच्या आधी आणण्यात अर्थ नाही. घरात ती आठवडाभर बरी दिसते, नंतर हात लागला तरी झडते. घेताना बुंधा दीड-दोन इंच जाड बघा आणि टोक वाकवून पाहा: लवलं तर ताजं, कटकन तुटलं तर जुनं. घराबाहेर जोरात झटका, मुंग्या आणि कोळी बरेच निघतात. घरी बुंध्याचा इंचभर तुकडा करवतीने कापा, पंधरा लिटरच्या डब्यात आधी विटांचे तुकडे, मग बुंधा, मग ओली वाळू ठासून भरा. रोज अर्धा लिटर पाणी. फांदी एका बाजूला जड असतेच, तेव्हा मागून नायलॉनच्या दोऱ्याने खिडकीच्या गजाला बांधून टाका. वाळलेला सुरू आणि कापूस दोन्ही भुरकन पेटतात. यावर तापणारे जुने मिनी बल्ब नकोत, फक्त एलईडी.

कृत्रिम झाड घेताना

उजेड नाही, वेळ नाही, किंवा डिसेंबरात गावी जायचं असतं, अशा घराला हाच पर्याय शहाणपणाचा. पण मग ते किमान दहा वर्षं वापरायच्या तयारीने घ्या. दोन नाताळांत फेकायचं प्लॅस्टिक आणण्यापेक्षा भिंतीवर खिळे ठोकून दिव्यांची माळ त्रिकोणी लावलेली बरी, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तेच जास्त सुंदर दिसतं.

खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका, फांद्यांच्या टोकांची संख्या वाचा. सहा फुटी झाडाला पाचशेच्या आसपास टोकं असतील तर मधला दांडा दिसत राहतो, आठशे-हजार असतील तर झाड भरलेलं दिसतं. पीव्हीसीच्या पाती कागदासारख्या चपट्या असतात. पीईच्या (पॉलिएथिलीन प्लॅस्टिकच्या) फांद्या साच्यातून काढलेल्या, खऱ्या डहाळीसारख्या आणि महाग. बाहेरून पीई आणि आत पीव्हीसी असं मिश्रण घरासाठी पुरेसं. फांद्या दांड्याला बिजागरीने जोडलेल्या घ्या. एकेक फांदी खाचेत अडकवायचे प्रकार स्वस्त पडतात, पण तिसऱ्या वर्षी रंगखुणा पुसल्या की कुठली फांदी कुठे हा खेळ सुरू होतो. पाच फुटांच्या वर लोखंडी तिपाईच हवी, प्लॅस्टिकचा पाय भेगाळतो. पांढरं बर्फ चिकटवलेलं झाड आपल्या दमट हवेत पिवळं पडतं आणि भुगा सांडतं. साधा दोन छटांचा हिरवा रंग घ्या. आग पटकन न धरणारं, असं खोक्यावर लिहिलेलं आहे का तेही पाहा.

नवं झाड एक दिवस बाल्कनीत मोकळं ठेवा, वास जातो. लावताना खालचा भाग आधी उभा करा आणि फुलवून मगच वरचा जोडा. प्रत्येक फांदीत खोडाकडून टोकाकडे जायचं, एक पातं डावीकडे, एक उजवीकडे, एक वर. सहा फुटीला पाऊण-एक तास लागतो, आणि झाड विरळ दिसतं अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा हाच तास वाचवलेला असतो.

एलईडी माळा झाडाच्या उंचीच्या दर फुटाला पन्नास दिवे या हिशेबाने घ्या, झगमगाट हवा असेल तर शंभर. सजावटीआधी लावून, तासभर चालू ठेवून तपासा. निव्वळ चमकीच्या, धातूसारख्या झाडावर थेट विजेची माळ नको. झोपताना बंद करायची सोय हाताशी हवी, म्हणून प्लग झाडामागे दडवू नका.

झाड काढताना पाती कोरड्या फडक्याने पुसा, खोक्याऐवजी चेनच्या पिशवीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात माळ्यावर बुरशी आणि तिपाईला गंज धरतो. ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास मोकळं ठेवलं की डिसेंबरात कुबट वास येत नाही.

परदेशात असाल तर

अमेरिकेत घरासाठी फ्रेझर फर घ्या: सुया टिकतात आणि फांद्या दागिने पेलतात. ब्रिटन-जर्मनीत तीच जागा नॉर्डमन फरची. नॉर्वे स्प्रूसचा वास सुरेख, पण उबदार घरात सुया लवकर झडतात, तेव्हा तो शेवटच्या आठवड्यात आणायचा. भाड्याच्या घरात आधी करार वाचा, अनेक इमारतींत तोडलेल्या झाडाला मनाई असते.

झाड आणल्यावर बुंध्याचा इंचभर काप आडवा, सरळ कापून घ्या, कारण जुन्या कापावर चीक साकळून पाणी चढत नाही. साल तासून बुंधा स्टँडमध्ये बसवू नका, पाणी बाहेरच्या थरांतूनच चढतं. स्टँडमध्ये बुंध्याच्या दर इंच व्यासामागे साधारण एक लिटर पाणी मावलं पाहिजे, आणि पहिल्या दिवशी झाड चार लिटरही पिऊ शकतं. साखर, ॲस्पिरिन यांची गरज नाही, साधं पाणी पुरे. पातळी एकदा कापाखाली गेली की पुन्हा चीक धरतो आणि मग कितीही पाणी घातलं तरी झाड ते घेत नाही. हीटरपासून लांब ठेवा, आणि सुया हाताला कोरड्या लागायला लागल्या की ६ जानेवारीची वाट न पाहता बाहेर काढा.